रेम्युड, मेलरोझ आणि बॉइड: जुनी ऑस्ट्रेलियन मातीची भांडी ओळखायला शिकताना

मेलबर्नच्या उत्तरेला प्रेस्टन नावाचे उपनगर आहे. १९२९ मध्ये डेव्हिड डी आणि रेज हॉकिन्स या दोन कुंभारांनी येथे ‘प्रीमियर पॉटरी’ हा छोटा कारखाना काढला (त्याचीच भांडी पुढे ‘रेम्युड’ नावाने ओळखली गेली) आणि जागतिक मंदीच्या अत्यंत कठीण वर्षांत तो तगवून धरला. त्या भट्टीतून निघालेल्या फुलदाण्या, सुरया, कुंड्या आणि वाडगे आज साऱ्या ऑस्ट्रेलियातील संग्राहक शोधत असतात. मी याच उपनगरात राहते. ही भांडी ओळखायला मी ज्या क्रमाने शिकले तो क्रम येथे नोंदवून ठेवत आहे, कारण नवख्या माणसाला सर्वांत आधी मिळणारा सल्ला असतो तो भांडे उलटे करून बुडावरची खूण वाचण्याचा, आणि माझ्या मते तेथूनच चुकीच्या टोकाने सुरुवात होते. खूण महत्त्वाची आहेच, पण ती वाचायची सर्वांत शेवटी. माती, चाक, झिलई (वरचा काचेसारखा लेप) आणि कान (धरायची मूठ) यांनी जे आधीच सांगितलेले असते त्याच्याशी ती जुळते की नाही, एवढेच तिच्याकडून समजून घ्यायचे असते.

माझ्या संग्रहाची सुरुवात एका फुलदाणीपासून झाली. शेजारच्या वृद्ध बाई मोठे घर सोडून लहान घरात राहायला जात होत्या, तेव्हा त्यांनी ती मला दिली. वीतभराहून बरीच कमी उंच, खाली फुगीर आणि गळ्याशी आवळलेली अशी ती होती. एका बाजूने झाडाच्या वाळक्या फांदीसारखा पिळलेला कान निघून काठाला भिडला होता, त्या फांदीला युकॅलिप्टसची लांबट पाने आणि बोंडे चिकटवलेली होती, आणि काठावरून ओघळलेली निळी झिलई मध्यावर हिरवट तपकिरी झिलईत मिसळून गेली होती. बुडावर काहीतरी कोरलेले होते, परंतु झिलई त्या रेघांत उतरून बसल्यामुळे अक्षरे लागत नव्हती. ती वस्तू आपल्या सासूबाईंकडून आली, त्यांचे सारे आयुष्य याच भागात गेले, आणि फुलदाणी त्यांच्या दिवाणखान्यात कायम असे, एवढे बाईंना ठाऊक होते. ते सारे मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले आणि खाली त्यांची सही घेतली. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याचा माग पहिल्याच दिवशी लिहून ठेवला नाही तर तो पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत सापडत नाही, म्हणून हे काम मी आजही सर्वांत आधी करते.

फांदीचा कान आणि बोंडे ही कल्पना प्रेस्टनच्या कारखान्याची नव्हती. १९०१ मध्ये वसाहतींचे एक राष्ट्र झाल्यावर ऑस्ट्रेलियातील चित्रकार, सुतारकाम करणारे आणि धातुकाम करणारे कारागीर आपल्या भोवतालच्या झाडाप्राण्यांकडे नव्या अभिमानाने पाहू लागले होते, आणि मातीकामात ही दृष्टी सर्वांत जोमाने आणली ती मेरिक बॉइड यांनी. १८८८ मध्ये जन्मलेले मेरिक मेलबर्नच्या मरमबीना उपनगरात राहत, तेथेच त्यांनी भट्टी उभारली, आणि १९१२ मध्ये त्यांनी आपल्या भांड्यांचे पहिले प्रदर्शन भरवले. पहिल्या महायुद्धातील सेवेनंतर इंग्लंडमधील स्टोक या कुंभारकामाच्या गावी त्यांनी काही काळ शिक्षण घेतले आणि परत येऊन पुन्हा काम सुरू केले. १९२६ मध्ये आगीत त्यांची कार्यशाळा जळाली. त्यांच्या पाण्याच्या जगच्या कानाला फांदीचा नुसता आकार नसतो. वाऱ्याने वाकलेले अख्खे झाड भांड्याच्या अंगावर चढत जाते, आणि बऱ्याच भांड्यांवर त्यांच्या पत्नी डॉरिस यांनी हाताने रंगवलेली निसर्गचित्रे आढळतात. बुडावर कच्च्या मातीत कोरलेली सही आणि बहुधा वर्षही असते. प्रेस्टनच्या कारखान्याने हीच वाट पुढे नेली, पण तिला शिस्त लावली. तेथे आकारांना क्रमांक होते, झिलयांचे ठरलेले मेळ होते आणि दुकानांत विकता येईल अशा किमतीत माल तयार होत असे. तरीही प्रत्येक नग चाकावर घडत होता आणि प्रत्येक पान हाताने चिकटवले जात होते. या दोन गोष्टींची सांगड मला आजही विलक्षण वाटते.

आता ओळखण्याच्या कामाकडे येते. भांडे चाकावर घडले आहे की साच्यातून निघाले आहे, हा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर डोळ्यांपेक्षा बोटे चांगले देतात. हात आत जात असेल तर आतल्या भिंतीवरून बोट वर ओढत न्यावे. चाकावरच्या भांड्यात कुंभाराच्या बोटांनी उठलेले उथळ कंगोरे मळसूत्राप्रमाणे वर चढत गेलेले लागतात, आणि भिंत बुडाशी जाड व काठाशी पातळ असते. चाकावरून भांडे तारेने कापून काढताना बुडावर शिंपल्यासारख्या वक्र रेघा उठतात. त्या घासून टाकल्या नसतील तर तो सरळ पुरावा असतो. साच्यात पातळ कालवलेली माती ओतून केलेल्या भांड्याची भिंत सर्वत्र जवळपास सारखी जाड असते, बाहेर उठावाचे पान असेल तर आत त्याच जागी खळगा लागतो, आणि साच्याच्या दोन भागांचा सांधा कितीही घासला तरी तिरप्या प्रकाशात पुसट रेघेने दिसतो. या एका तपासणीने माझ्या फुलदाणीबाबतचा मोठा प्रश्न सुटला, कारण युकॅलिप्टसची पाने आणि बोंडे असलेली भांडी मेलबर्नमध्ये दोन मोठ्या ठिकाणी होत होती आणि बाजारात त्यांची सतत गल्लत होते.

ते दुसरे ठिकाण म्हणजे ब्रन्सविकचा हॉफमन कारखाना. हा मुळात विटांचा कारखाना होता. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने जर्मन अभियंता फ्रीडरिख हॉफमन यांच्या अखंड जळत राहणाऱ्या भट्टीचे पेटंट वापरात आणले, आणि मेलबर्न शहर ज्या विटांनी बांधले गेले त्यांतल्या असंख्य विटा येथे भाजल्या गेल्या. त्याच कंपनीने १९३० च्या दशकात ‘मेलरोझ’ नावाने शोभेची भांडी काढली. मेलरोझची पाने, बोंडे आणि कोआला बहुतेक वेळा साच्यातच उठलेले असतात, म्हणजे पान आणि भिंत ही एकच माती असते, तर प्रेस्टनच्या भांड्यावर पान वेगळे करून ओल्या भिंतीवर दाबलेले असते. नखाचे टोक पानाच्या कडेखाली सरकवून पाहिले की हा फरक कळतो. माझ्या फुलदाणीवरच्या एका पानाची कड भिंतीपासून किंचित सुटलेली होती आणि त्या फटीत झिलई शिरली होती. पानाच्या शिरा साच्याच्या असत्या तर दोन्ही पानांवर एकसारख्या आल्या असत्या, पण येथे एका पानाची मधली शीर सरळ होती आणि दुसऱ्याची हाताच्या ओढीने वाकलेली होती. ब्रन्सविकच्या जुन्या भट्ट्यांपैकी काही वारसा म्हणून जतन केल्या आहेत आणि त्यांच्याभोवती आता निवासी इमारती आहेत. ज्यांना मेलरोझ गोळा करायचे आहे त्यांनी तेथील धुराडी एकदा जाऊन पाहावीत, असे मी आवर्जून सांगेन, कारण विटांच्या कारखान्याची माती, भट्टी आणि सवयी शोभेच्या भांड्यांतही उतरतात.

दुसरी तपासणी मातीची आणि भाजणीची. बुडाच्या कडेवर, जेथे झिलई पुसून काढलेली असते, तेथे मातीचा खरा रंग दिसतो. तो फिकट पिवळसर आहे, गुलाबी आहे, विटकरी आहे की राखाडी, हे उन्हात नोंदवावे, घरातील पिवळ्या दिव्याखाली नोंदवू नये. त्यानंतर भांडे तळहातावर मोकळे ठेवून बोटाच्या नखाने टिचकी मारावी. आपल्याकडे कुंभाराकडून माठ घेताना तो वाजवून घेतात, अगदी तसेच. कमी तापमानाला भाजलेल्या मातीचा आवाज मऊ आणि थोडका येतो, उच्च तापमानाला घट्ट भाजलेल्या पात्राचा आवाज खणखणीत आणि लांबणारा असतो, आणि दोन्हींत कोठे चीर असेल तर आवाज मध्येच बसतो. १९३० च्या दशकातील मेलबर्नची बहुतेक शोभेची भांडी पहिल्या प्रकारची आहेत. त्यामुळे त्यांच्या झिलईवर काळाच्या ओघात बारीक रेषांची जाळी पडते आणि बूड कोरडे ठेवले नाही तर त्या जाळीतून पाणी आत शिरून माती डागाळते. अशा जुन्या फुलदाणीत थेट पाणी न ओतता आत काचेचे लहान भांडे ठेवावे, आणि झिलईत शिसे असण्याची शक्यता असल्याने जुन्या वाडग्यांत किंवा पाण्याच्या जगमध्ये खाण्यापिण्याचे पदार्थ मुळीच ठेवू नयेत.

हे सारे वहीत लिहून झाल्यावर मी बुडाकडे वळले. झिलईने भरलेले कोरीव अक्षर वाचण्यासाठी खोली अंधारी करून छोटा दिवा बुडाच्या पातळीला अगदी आडवा धरला आणि भांडे हळूहळू फिरवत गेले, म्हणजे ज्या रेघेवर सावली पडते ती रेघ उठून दिसते. त्यानंतर पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने घासले, आणि प्रत्येक कोनातून घेतलेली छायाचित्रे काळ्या-पांढऱ्या रंगात एकमेकांशेजारी ठेवली. शेवटी जे हाती आले ते असे होते: एकमेकांना जोडून लिहिलेल्या इंग्रजी अक्षरांचा शेवट, त्याखाली एक अपुरा क्रमांक, मग तिरकी रेघ, आणि रेघेनंतर ६ हा आकडा. प्रेस्टनच्या भांड्यांवर तिरक्या रेघेच्या आधी आकाराचा क्रमांक आणि नंतर इंचांतील उंची लिहिण्याची पद्धत होती. सहा इंच म्हणजे सव्वापंधरा सेंटिमीटरच्या आसपास. फुलदाणी सपाट फरशीवर ठेवून काठापर्यंत मोजली तेव्हा उंची तेवढीच भरली, आणि भाजताना आकसणे व हाताने काठ कापणे यांमुळे येणारा किंचित फरक सोडला तर आकडा आणि वस्तू एकमेकांना दुजोरा देत होते. कोरलेला आकडा कोणीही नंतर ओढू शकतो, पण त्याला उंचीशी जुळवून ओढण्याचे भान सहसा नसते.

या कारखान्याच्या खुणांचा क्रम माहीत असला की काळही बऱ्यापैकी ठरवता येतो. सुरुवातीच्या भांड्यांवर प्रीमियर पॉटरी, प्रेस्टन या नावाची तीन पी अक्षरे येतात, थोड्या काळासाठी ‘पामेला’ हे नाव येते, आणि १९३४ च्या सुमारास ‘रेम्युड’ येते, जे कारखाना १९५० च्या दशकाच्या मध्यात बंद होईपर्यंत टिकले. कारखान्याशी संबंधित नोनी ड्यूमर यांचे आडनाव (Deumer) रोमन लिपीत उलट्या क्रमाने लिहून रेम्युड (Remued) हे नाव तयार झाले. नाव बहुधा चाकावरून उतरलेल्या ओल्या बुडावर टोकदार काडीने सलग ओढलेले असते, छापलेले नसते. म्हणूनच एकाच कारखान्यातील निरनिराळ्या हातांची वळणे वेगवेगळी दिसतात. मार्गारेट केर आणि ॲलन जेम्स ही या कारखान्यातील कामाशी जोडलेली ठळक नावे. एखाद्या विशिष्ट भांड्यावर त्यांच्यापैकी कोणाचा हात होता हे मी केवळ वळणावरून लिहीत नाही, कारण चाक, सजावट आणि नाव कोरणे ही तीन कामे तीन हातांनी झालेली असू शकतात. माझ्या नोंदवहीत त्या फुलदाणीसमोर ‘रेम्युड, प्रेस्टन, १९३४ नंतरची’ एवढेच लिहिलेले आहे.

आकाराच्या अपुऱ्या क्रमांकासाठी मला पूर्ण सही असलेली जोडीदार वस्तू पाहायची होती. व्हिक्टोरिया राज्यातील शेपर्टन येथील कलासंग्रहालय ऑस्ट्रेलियन मातीकामाच्या संग्रहासाठी प्रसिद्ध आहे, आणि २०२१ मध्ये उघडलेल्या त्याच्या नव्या इमारतीत ही भांडी चांगल्या प्रकाशात, सर्व बाजूंनी पाहता येतात. संग्रहालयात गेल्यावर मी पाहते ते छायाचित्रांत न येणारे तपशील: कानाचे खालचे टोक भिंतीत कसे मुरवले आहे, झिलईचा ओघळ बुडाच्या किती वर थांबवला आहे, काठाची कड गोल आहे की कापलेली. घरी राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘ट्रोव्ह’ हा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह हाताशी असतो. त्यात १९३० च्या दशकातील दुकानांच्या जाहिराती आणि प्रदर्शनांची वृत्ते शोधताना संगणकाने केलेल्या अक्षरओळखीतील चुका गृहीत धरून नावाची निरनिराळी रूपे टाकावी लागतात. मी ग्रंथालयात काम करत असल्याने या शोधाची मला आवड आहे, आणि एखादी जाहिरात सापडली की भांड्याचा काळ अंदाजातून पुराव्यात येतो. न्यू साउथ वेल्समधील होलब्रुक या छोट्या गावात ऑस्ट्रेलियन कुंभारकामाचे स्वतंत्र राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले. त्याचा भर एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या भांड्यांवर असल्याने रेम्युडसाठी तेथे जाण्याची गरज नाही, पण ज्यांना न्यू साउथ वेल्समधील लिथगो येथील, कांगारूची छाप असलेली भांडी पाहायची असतील त्यांनी ते सध्या उघडे आहे का याची चौकशी करावी.

सर्वाधिक गोंधळ बॉइड या नावाचा होतो, आणि त्यावर मी अनेक संध्याकाळी घालवल्या आहेत. मेरिक बॉइड यांच्या वडिलांचे नाव आर्थर मेरिक बॉइड. ते १९४० मध्ये वारले आणि ते चित्रकार होते. मेरिक यांचे धाकटे भाऊ मार्टिन बॉइड हे कादंबरीकार, त्यांचा कुंभारकामाशी संबंध नाही. मेरिक यांचा मुलगा आर्थर, जो पुढे जगप्रसिद्ध चित्रकार झाला, त्याने जॉन पर्सिव्हल आणि पीटर हर्बस्ट यांच्यासह १९४४ मध्ये मरमबीना येथे आजोबांच्या नावाने आर्थर मेरिक बॉइड पॉटरी सुरू केली. तिच्या भांड्यांवर ए. एम. बी. ही अक्षरे असतात. याच पर्सिव्हल यांनी पुढे मातीचे देवदूत घडवले, जे ऑस्ट्रेलियन कलेतील अत्यंत देखणे काम आहे असे मला वाटते. आर्थरचा भाऊ गाय बॉइड याने १९४६ मध्ये सिडनीत कुंभारकामाची कार्यशाळा काढली आणि तिला आपले मधले नाव देऊन मार्टिन बॉइड पॉटरी म्हटले. गाय बॉइड तेथून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर पडून मेलबर्नला परतला तरी त्या नावाने उत्पादन चालूच राहिले. तिसरा भाऊ डेव्हिड आणि त्याची पत्नी हर्मिया यांच्या भांड्यांवर त्यांची स्वतःची सही असते.

म्हणजे ‘मार्टिन बॉइड’ कोरलेली थाळी विक्रीस आली तर ती कादंबरीकाराची नसते, बऱ्याचदा गाय बॉइडच्या हातचीही नसते, आणि मेरिक यांच्या कार्यशाळेतील तर कधीच नसते. विक्रेते मात्र अनेकदा एकाच वाक्यात हे सारे बॉइड गुंफून टाकतात आणि मेरिक यांची किंमत लावतात. यातून बाहेर पडायला सहीच्या आधी पुन्हा हातच उपयोगी पडतात. मेरिक यांची भांडी जाड, जड आणि हाताच्या हालचालीने अस्वस्थ असतात, भिंतीवर दाबल्याच्या खुणा राहिलेल्या असतात, आणि झिलई कोठे दाट तर कोठे विरळ असते. सिडनीच्या मार्टिन बॉइड पॉटरीचे कप, थाळ्या आणि जग हलके, वापराच्या दृष्टीने नेटके, मऊ रंगांचे आणि एकसारख्या मापाचे असतात, कारण ते युद्धानंतरच्या घरांतील रोजच्या जेवणासाठी केलेले होते. दोन्ही प्रकार डोळे मिटून हातात घेतले तरी वेगळे सांगता येतात. त्या साध्या थाळ्यांनाही मी कमी लेखत नाही. त्यांच्यावर रंगवलेल्या चित्रांत १९५० च्या दशकातील सिडनी जशी दिसते तशी फार थोड्या ठिकाणी दिसते.

त्या चित्रांविषयी एक गोष्ट येथेच नोंदवणे मला आवश्यक वाटते. युद्धानंतरच्या दोन दशकांत अनेक कारखान्यांनी आदिवासी समाजांच्या गुहाचित्रांतील आणि ढालींवरील आकृत्या परवानगी न घेता भांड्यांवर उतरवल्या. ती भांडी आज मोठ्या प्रमाणात विकली जातात. माझ्याकडे अशी वस्तू आली तर मी तिच्या नोंदीत कारखान्याचे नाव आणि ‘आकृती आदिवासी चित्रांवरून घेतलेली’ हे दोन्ही लिहिते. तिला आदिवासी कला म्हणून कधीच दाखवत नाही. ज्यांना त्या परंपरेतील खरे मातीकाम पाहायचे आहे, त्यांनी मध्य ऑस्ट्रेलियातील हर्मन्सबर्ग येथे १९९० पासून काम करणाऱ्या अरेंटे या आदिवासी समाजातील स्त्रियांची भांडी पाहावीत.

नकली सह्यांचा प्रश्न मेरिक बॉइड यांच्या बाबतीत खराखुरा आहे, कारण सहीमुळे किंमत कितीतरी वाढते. कच्च्या मातीत कोरलेल्या रेघेच्या दोन्ही काठांवर माती किंचित वर उचललेली असते, रेघेचा तळ गुळगुळीत असतो, आणि झिलई लावली असेल तर ती त्या खाचेत वाहत गेलेली असते. भाजलेल्या भांड्यावर नंतर कोरलेल्या रेघेचे काठ दातेरी असतात, झिलईचे बारीक टवके उडालेले असतात, आणि खाचेच्या तळाशी ताजी, स्वच्छ माती दिसते. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग यासाठी पुरते. दुरुस्ती ओळखायला मी अतिनील किरणांचा छोटा हातदिवा वापरते. नंतर लावलेला रंग आणि राळ त्या प्रकाशात मूळ झिलईपेक्षा निराळे चमकतात. काठावरचा टवका भरलेला असेल तर ती जागा ओठाला किंवा गालाला लावून पाहिल्यास उरलेल्या थंड झिलईपेक्षा उबदार लागते. दुरुस्त केलेली वस्तू मी नाकारत नाही, विशेषतः पाने आणि बोंडे ही इतकी नाजूक असतात की अभंग पाने मिळणे दुर्मीळ असते. दुरुस्ती लिहिलेली असावी, एवढाच माझा आग्रह असतो.

मेलबर्नच्या बाहेरील केंद्रांपैकी टास्मानियातील लॉन्सेस्टनचे जॉन कॅम्पबेल यांचे कुंभारकाम नवख्यासाठी सर्वांत सोपे आहे, कारण त्यांच्या भांड्यांवर हाताने कोरलेले नाव आणि बरेचदा वर्षही मिळते. सिडनीच्या अर्स्किनव्हिल भागातील बेकवेल बंधूंचा ‘न्यूटोन’ माल डेझी मर्टन यांनी रंगवलेल्या ऑस्ट्रेलियन फुलांसाठी लक्षात राहतो. पर्थमध्ये १९४६ ते १९६१ या काळात निघालेले ‘वेम्बली वेअर’, म्हणजे मासे आणि सरडे यांच्या आकारांची चकचकीत भांडी, माझ्या आवडीची नाहीत, पण त्यांचे चाहते निष्ठावान आहेत.

ज्यावर थांबावेसे वाटते ते ब्रिस्बेनचे काम. लुईस जार्व्हिस हार्वी हे शिल्पकार आणि लाकडावर कोरीवकाम करणारे शिक्षक ब्रिस्बेनच्या तांत्रिक महाविद्यालयात शिकवत, आणि १९१६ पासून त्यांनी तेथे मातीकामाचे वर्ग सुरू केले. त्यांच्या विद्यार्थ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. हार्वी चाक वापरू देत नसत. भांडी मातीच्या वळ्या रचून किंवा लाद्या जोडून उभी करायची, मग त्यांवर कोरायचे, रंगीत मातीचा लेप खरवडून आकृती काढायची, किंवा निरनिराळ्या रंगांच्या माती एकमेकींत जडवायच्या, अशी त्यांची ठरलेली पायरीवार रीत होती. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची शाळा काढली आणि १९४९ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत ही परंपरा चालू होती. या भांड्यांच्या आत बोट फिरवले तर चाकाचे कंगोरे लागत नाहीत, त्याऐवजी वळ्या दाबून एकजीव केल्याच्या अनियमित उंचवट्यांची जाणीव होते, आणि बुडावर कारखान्याच्या नावाऐवजी एका व्यक्तीचे नाव किंवा आद्याक्षरे आणि वर्ष मिळते. माझ्याकडे हार्वी वर्गातील वाटणारा, कोरीव पट्टा असलेला एक छोटा वाडगा आहे, ज्यावर दोन आद्याक्षरे आणि १९२० च्या दशकातील वर्ष आहे. त्या आद्याक्षरांमागची स्त्री शोधण्यासाठी मी ब्रिस्बेनच्या जुन्या वृत्तपत्रांतील हस्तकला स्पर्धांचे निकाल चाळते आहे. नावाने ओळखल्या न गेलेल्या या विद्यार्थिनींचे काम गॅलरीच्या दारापर्यंत पोचावे, असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी घरगुती कपाटांतील प्रत्येक बुडाचे छायाचित्र उपयोगी पडू शकते.

हीच पद्धत आपल्याकडच्या कामालाही लागू पडते, हे मला मुंबईच्या सुट्टीत जाणवले. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली सर जे. जे. कलाशाळेत मातीकामाचा विभाग चालत होता. त्या फुलदाण्यांवरील अजिंठ्याच्या धाटणीची चित्रे आणि सिंधी वळणाची झिलई यांमुळे त्या कोठल्या आहेत हे नुसत्या चित्रावरून सांगताना फसगत होऊ शकते. बुडाची माती आणि घडण आधी पाहिली तर तेथेही विचार सरळ चालतो.

माझ्या नोंदवहीत आता प्रत्येक वस्तूसाठी एक पान आहे. त्यावर वस्तू कोणाकडून आली, उंची व वजन, बुडाचे छायाचित्र, मातीचा उन्हातील रंग, घडण, झिलई, दुरुस्ती, आणि सर्वांत खाली खूण, या क्रमाने नोंदी असतात. शेवटच्या ओळीत मी तीनच शब्द वापरते: ‘सहीची’, ‘कारखाना निश्चित’ आणि ‘संभाव्य’. ‘सहीची’ हा शब्द सही भाजण्याआधीची असल्याची खात्री झाल्यावरच लिहिला जातो. ‘कारखाना निश्चित’ हा शब्द घडण, माती, झिलई आणि खुणेचा एखादा अंश हे चारही जुळल्यावर येतो, आणि प्रेस्टनची फुलदाणी तेथे आहे. ‘संभाव्य’ या सदरात सध्या काठावर सरडा बसवलेला एक खोलगट तपकिरी वाडगा आहे. त्याच्या बुडावर कोणतीही खूण नाही. विक्रेत्याने तो कॅसल हॅरिस यांचा म्हणून विकला, कारण हॅरिस हे सरडे, बेडूक आणि ड्रॅगन घडवण्यासाठी प्रसिद्ध होते. सरड्याच्या पाठीवरची खवल्यांची रांग आणि शेपटीचा वेटोळा त्यांच्या सही केलेल्या कामाशी मिळताजुळता आहे, पण वाडग्याची माती मी हाताळलेल्या त्यांच्या दोन भांड्यांपेक्षा अधिक लाल आहे आणि पाय ओबडधोबड घासलेला आहे. शेपर्टनच्या संग्रहातील कॅसल हॅरिस यांची भांडी बुडासह पाहता यावीत म्हणून मी तेथील अभिरक्षकांना पत्र लिहिले आहे. त्यांची माती याच लाल छटेची निघाली तर नोंद बदलेन, नाही निघाली तर वाडगा ‘१९३० ते १९५०, मेलबर्न, कारागीर अज्ञात’ या नावाने कपाटात राहील.